शेजारशेजारचे एलिमेंट एका डब्यात कसे भरायचे? जावास्क्रिप्टवाल्यांची मदत हवीये

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या वाळवणाचं एक पान मी दोन वर्षांपासून भरतेय, मावशी सांगते आणि मी टाइप करते. कुरडया, बिबडे, सांडगे, खारोड्या, साबुदाण्याच्या चिकवड्या असं करत करत २३ कृती एकाच पानावर झाल्यात.

अडचण अशी आहे की लिहायच्या एडिटरमधून जे एचटीएमएल (पानाचा टॅगवाला मूळ मजकूर) बाहेर पडतं ते एकदम सपाट असतं. एच२ (मोठा मथळा) मध्ये 'गव्हाचं वाळवण', त्याखाली एच३ (त्याहून लहान मथळा) मध्ये 'कुरडया', मग दोनतीन पी (परिच्छेद), मग साहित्याची यादी, मग एखादा फोटो, की लगेच पुढचा एच३. सगळे एकाच पातळीवर, एकमेकांची भावंडं, कुणी कुणाच्या पोटात नाही. मला प्रत्येक कृती तिच्या तिच्या चौकटीत हवीये आणि नावावर बोट ठेवलं की उघडझाप व्हायला हवी, कारण मावशी चीक शिजवताना फोन ओट्यावर ठेवून बघते आणि हात भरलेले असताना २३ कृती सरकवत बसणं शक्य नाही.

मी काय केलं तर प्रत्येक एच३ च्या आधी इन्सर्टॲडजेसंटएचटीएमएल (टॅग मजकूर म्हणून पानात घालायची जावास्क्रिप्टची सोय) वापरून आधी सेक्शनचा, म्हणजे चौकटीचा, बंद करायचा टॅग आणि लगेच नवीन सेक्शनचा उघडायचा टॅग घातला, म्हणजे आधीची चौकट बंद होईल आणि पुढची सुरू होईल असा विचार. झालं काय, की २३ रिकाम्या चौकटी आल्या, प्रत्येक नावाच्या वर एक पातळ रेघ आणि कृती सगळी बाहेरच. दोन रात्री गेल्यात. कुठं चुकतंय?

(कोड टाकायचा प्रयत्न केला पण इथं कोनी कंस टाकले की साइट ते गिळून टाकते, म्हणून शब्दांतच लिहिलंय.)

रिकामाकंस

हो, कंस गिळले जातात, मीपण शब्दांतच लिहितो, उलट बरंच आहे, समजून घ्यावं लागतं.

तुमची चूक खूप जणांची होते, मी स्वतः पहिल्या नोकरीत केलीये. तुम्ही पानाकडे मजकूर म्हणून बघताय, की इथं उघडणारा टॅग लिहिला आणि तिथं बंद करणारा लिहिला की मधलं सगळं आत आलं. फाइलमध्ये लिहिताना तसंच असतं, पण ब्राउझरने फाइल वाचली की टॅग संपले, त्यापुढे फक्त झाड उरतं. झाडाला अर्धी फांदी लावता येत नाही. तुम्ही दिलेला तुकडा ब्राउझर वेगळा वाचतो, पहिला बंद करायचा टॅग बघतो, म्हणतो काही उघडलंच नव्हतं आणि सोडून देतो. मग उघडणारा सेक्शन बघतो, तुकडा तिथंच संपतो म्हणून स्वतःच बंद करतो. म्हणून रिकामी चौकट. (पी असता तर अजून गंमत, सुटा बंद करायचा पी टॅग दिसला की ब्राउझर एक रिकामा पी तयार करतो, तो सोडून देत नाही.)

चौकट घालायची म्हणजे दोन टॅग लिहायचे नाहीत. एक नवीन एलिमेंट तयार करायचा, तो योग्य जागी बसवायचा, आणि एकेका भावंडाला उचलून त्याच्या पोटात ठेवायचं. उचलून म्हणजे खरंच उचलून. ॲपेंडला (आत टाकायची आज्ञा) पानावरचाच नोड (झाडावरचा एक घटक) दिला की त्याची नक्कल होत नाही, तो जुन्या जागेवरून निघतो आणि नव्या जागी जातो. पाटावरची कुरडई चाळणीत घेतली की पाटावर ती राहत नाही, तसं.

नदीकाठ

@गच्चीवरची, तुमच्या पानावर जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) आहे का? असेल तर काम एका ओळीचं आहे. प्रत्येक एच३ वर ईच चालवायचं, आत त्या एच३ चं नेक्स्टअनटिल, त्याला 'एच३' द्यायचं म्हणजे पुढचा एच३ येईपर्यंतची सगळी भावंडं मिळतात, मग ॲडबॅक म्हणजे तो एच३ स्वतःही त्यात येतो, आणि शेवटी रॅपऑल, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच चौकट, त्यात सेक्शन. झालं.

जुन्या उत्तरांत ॲडबॅकच्या जागी अँडसेल्फ दिसेल, ते घेऊ नका. १.८ मध्येच ॲडबॅक आलं आणि ३.० मधून अँडसेल्फ काढून टाकलं. आणि नुसतं रॅप वापरू नका, त्याने प्रत्येक पी ला वेगळी चौकट येते. रॅपऑल.

गच्चीवरची

जेक्वेरी आहे, थीमबरोबरच येते. करून बघते, खूप आभार दोघांचे.

गच्चीवरची

झालं!! पण पूर्ण नाही. पहिल्या चौकटी बरोबर आल्या. पण गव्हाच्या वाळवणातली शेवटची कृती बिबड्यांची, तिच्या चौकटीत 'तांदळाचं वाळवण' हा पुढचा एच२ जाऊन बसलाय. आणि सगळ्यात शेवटची कृती आंबोशीची, तिच्या पोटात तर पानाचा शेवटचा सगळा मजकूर गेलाय, डबे कसे ठेवायचे ते, मावशीचे आभार, सगळं.

दुसरं म्हणजे काही ओळी चौकटीच्या बाहेर लटकतायत. उदा. खारोड्यांच्या खाली 'बाजरी जाडसर भरडायची, पीठ नको' हे वाक्य चौकटीच्या खाली एकटंच पडलंय.

नदीकाठ

पहिल्याचं सोपं आहे, नेक्स्टअनटिलला 'एच२, एच३' असं दोन्ही द्या, स्वल्पविराम देऊन. म्हणजे दोघांपैकी जो आधी येईल तिथं थांबेल. शेवटच्या मजकुराला एक एच२ द्या, 'साठवण' वगैरे, तो मुळात हवाच होता.

लटकणाऱ्या ओळी म्हणजे त्या कुठल्याच टॅगमध्ये नाहीत, नुसता मजकूर आहे, बरोबर? जेक्वेरीचं नेक्स्टअनटिल फक्त एलिमेंट बघतं, सुट्या मजकुराचा नोड त्याला दिसतच नाही. म्हणून बाकी सगळे आत गेले आणि तो मागे राहिला.

गच्चीवरची

हो हो, ती वाक्यं मी व्हॉट्सॲपवरून चिकटवलेली आहेत, मावशी व्हॉइस नोट पाठवते, मी लिहून स्वतःलाच पाठवते आणि मग एडिटरमध्ये टाकते. तेव्हा पी लागला नसणार.

रिकामाकंस

मग जेक्वेरी सोडा आणि हाताने फिरा, फार नाही, दहा ओळींचं काम आहे, आणि त्यात सुटा मजकूरही सांभाळला जातो. नीट सांगतो.

मजकुराचा जो मोठा डबा आहे तो घ्या. त्याचे चाइल्डनोड्स घ्या, चिल्ड्रन नाही, कारण चिल्ड्रनमध्ये फक्त एलिमेंट येतात आणि चाइल्डनोड्समध्ये सुटा मजकूर, मधल्या रिकाम्या ओळी, कमेंट सगळं येतं. एक व्हेरिएबल ठेवा 'चौकट', सुरुवातीला नल (म्हणजे काहीच नाही). आता एकेक नोड बघत चला. एच२ आला, चौकट नल करा, म्हणजे तो बाहेरच राहील. एच३ आला, नवीन सेक्शन तयार करा, इन्सर्टबिफोर वापरून त्या एच३ च्या बरोबर आधी बसवा आणि 'चौकट' मध्ये तोच ठेवा. आणि प्रत्येक नोडला शेवटी एकच प्रश्न, चौकट नल नसेल तर चौकट.ॲपेंड करून याला आत टाका. बस. एकच फेरी, मागे बघायचं नाही, पुढे बघायचं नाही.

याच्यात एक चांगली गोष्ट आपोआप होते. पहिल्या एच३ च्या आधीची प्रस्तावना बाहेर राहते, एच२ च्या खालचा 'गहू लोकवन घ्यावा' वाला परिच्छेदही बाहेर राहतो, कारण तेव्हा चौकट नल असते. वेगळी अट लिहावी लागत नाही.

शिकाऊ२१

दादा मी पण हे माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टवर करून बघितलं, नोट्सचं पान आहे, पण माझं विचित्र होतंय. एक सोडून एक परिच्छेद आत जातो. आणि काही हेडिंगचा मजकूर आधीच्या हेडिंगच्या चौकटीत गेलाय. तुम्ही सांगितलं तसंच केलंय, फॉर-ऑफचा लूप (एकेक घेत फिरणारी फेरी) लावून चाइल्डनोड्सवर.

रिकामाकंस

बरोबर, हे सांगायचं राहिलं माझं, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती. चाइल्डनोड्स ही जिवंत यादी आहे. तू नोड उचलून चौकटीत टाकलास की यादी त्याच क्षणी आखूड होते.

हे हळू बघ. समज सातव्या जागेवर एच३ आहे. तू त्याच्या आधी सेक्शन घातलास, सेक्शन सातवा झाला, एच३ आठवा. मग एच३ आत गेला, आता आठव्या जागेवर पहिला परिच्छेद आला. लूप आठव्यावर जातो, तो परिच्छेद आत टाकतो. टाकल्याबरोबर दुसरा परिच्छेद नववा होता तो आठवा झाला. पण लूप तर आता नवव्यावर चालला. दुसरा परिच्छेद सुटला. तिसरा आत, चौथा सुटला. आणि सुटण्याची पाळी एखाद्या हेडिंगवर आली की नवीन चौकट उघडतच नाही, मग त्याच्या पुढचा मजकूर जुन्याच चौकटीत जातो. तुझी दोन्ही लक्षणं याचीच.

उपाय एवढाच, फेरी सुरू करायच्या आधी यादीचा फोटो काढून घे. अरे.फ्रॉम (अरे म्हणजे जावास्क्रिप्टची साधी यादी) मध्ये चाइल्डनोड्स टाक, किंवा चौकोनी कंसात तीन टिंबं देऊन पसर. मग ती साधी अरे झाली, पानावर काहीही हललं तरी ती बदलत नाही. क्वेरीसिलेक्टरऑल जे देतं ते आधीच गोठलेलं असतं, त्याला हा त्रास नाही. चिल्ड्रन, चाइल्डनोड्स आणि गेटएलिमेंट्सबायटॅगनेम जिवंत देतात. हे पाठ करून ठेव, पुढे दहा वेळा लागेल.

शिकाऊ२१

झालं दादा!!! थँक्यू. सातवा आठवा वाचून वहीत काढून बघितलं तेव्हा कळलं.

सह्यवारा

माझा प्रश्न जरा वेगळा पण याच्याच घरातला. ट्रेकचा वृत्तांत आहे, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने. मजकुरात अधूनमधून दोनतीन फोटो लागोपाठ येतात, मग परिच्छेद, मग परत चार फोटो. मला लागोपाठचे फोटो एका ओळीत शेजारी शेजारी हवेत. मी सगळ्या फिगरवर (फोटोभोवतीचा टॅग) रॅपऑल लावलं तर वृत्तांतातले सगळे ३१ फोटो पहिल्या फोटोच्या जागी येऊन गोळा झाले, पाचनईचे फोटो आणि कोकणकड्याचे फोटो एकाच ठिकाणी, आणि खाली नुसता मजकूर.

रिकामाकंस

रॅपऑल असंच करतं, जेवढे निवडले तेवढे सगळे पहिल्याच्या जागी आणतं, मध्ये काय होतं ते बघत नाही. तुम्हाला गट पाडायचेत ते 'एका जातीचे' असे नाहीत, 'सलग' असे आहेत. दोन्ही वेगळं.

वरचीच फेरी, फक्त अट बदला. नोड फिगर आहे आणि चौकट नल आहे तर नवीन डिव्ह (साधा डबा) उघडा. नोड फिगर आहे आणि चौकट उघडी आहे तर त्यातच टाका. फिगर नाहीये तर चौकट नल. पण एक सांभाळा, दोन फोटोंच्या मध्ये एचटीएमएलमध्ये जी नवी ओळ असते तोही मजकुराचा नोड असतो! तो आला की तुमची चौकट बंद होणार आणि प्रत्येक फोटोला स्वतंत्र डिव्ह मिळणार. म्हणून मजकुराचा नोड असेल आणि ट्रिम केल्यावर (टोकांची मोकळी जागा काढल्यावर) रिकामा असेल तर कंटिन्यू करून पुढे जा, चौकटीला हात लावू नका.

आणि एडिटर फोटोला पी मध्ये गुंडाळत असेल तर फिगर शोधून काही मिळणार नाही, आधी एकदा ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये उघडून खरं काय आहे ते बघा. मी गेली कित्येक वर्षं हे काम करतोय, निम्मा वेळ कोड चुकतच नाही, पान आपल्याला वाटतं तसं नसतं.

नदीकाठ

सह्यवारा, तुमचे फोटो जर एका वेगळ्या डब्यात आधीपासून असते आणि नुसते 'तीन तीनची ओळ' हवी असती तर मी म्हटलं असतं रॅप करूच नका. मी बरेच जण बघते जे १२ कार्डांना तीन-तीनच्या डिव्हमध्ये भरायला स्लाइसचा लूप लिहितात. मग फोनवर दोन-दोन हवे झाले की तो लूप परत मोडायचा. ग्रिडने (रकाने मांडायची सोय) ते सीएसएसमध्येच, म्हणजे दिसण्याच्या नियमांतच, होतं, फोनवर दोन आणि मोठ्या पडद्यावर तीन. तुमच्या बाबतीत मजकूर मध्ये येतोय म्हणून रॅपर लागणारच, ते ठीक.

सह्यवारा

मधल्या नव्या ओळीचंच होतं. आता नळीचे पाच फोटो एका पट्टीत आलेत, वाचताना चढ कळतो. आभार.

गच्चीवरची

मीपण हाताने फिरणारा कोड घातला, चालला, सगळं आत. पण आता दिसायला बिघडलंय. एक म्हणजे प्रत्येक कृतीचं पहिलं अक्षर मोठं येतंय, आधी फक्त पानाच्या पहिल्या परिच्छेदाचं यायचं. दुसरं, परिच्छेदांचा फॉण्ट लहान झाला. तिसरं, प्रत्येक चौकटीत नावाच्या वर मोठी मोकळी जागा.

नदीकाठ

तिन्ही एकाच कारणाने, घर बदललं. पहिलं अक्षर मोठं करायला थीमने फर्स्ट-ऑफ-टाइप लिहिलं असणार, म्हणजे 'आपल्या आईवडिलांचा पहिला पी'. आधी सगळ्या परिच्छेदांचा पालक एक होता म्हणून पहिला एकच. आता प्रत्येक सेक्शन पालक झाला, म्हणून प्रत्येकात एक पहिला. फॉण्टचं म्हणजे तिथं 'मजकूर मोठ्या-पेक्षा-चिन्ह पी' असा थेट मुलांचा नियम असणार, आता पी नातवंडं झाली म्हणून नियम लागत नाही. दोन्ही नियमांत सेक्शनचा विचार करून नवीन ओळ लिहा. नावाला लागून येणाऱ्या परिच्छेदाचा 'एच३ अधिक पी' असा काही नियम असेल तर त्याला काही होणार नाही, कारण ते दोघं अजूनही शेजारी आहेत, सोबतच आत गेलेत.

मोकळी जागा म्हणजे एच३ चं वरचं मार्जिन. आधी ते वरच्या परिच्छेदाच्या मार्जिनमध्ये मिसळून जायचं, आता चौकटीला बॉर्डर आणि पॅडिंग आहे म्हणून ते बाहेर पडत नाही. चौकटीतल्या एच३ चं वरचं मार्जिन शून्य करा.

मध्यरात्रपाळी

उशिरा आलो धाग्यावर. एक विचारू का, हे ब्राउझरमध्ये का करताय? पान लोड होतं, आधी सपाट दिसतं, मग चौकटी उमटतात आणि सगळं खाली सरकतं. स्वस्त फोनवर आणि गावाकडच्या नेटवर ते ठळक जाणवतं. सर्व्हरवरच गुंडाळून पाठवलं तर पान आल्या आल्या बरोबर दिसेल, जावास्क्रिप्ट चाललं नाही तरी दिसेल.

पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) असेल तर तिच्या डॉमडॉक्युमेंटमध्ये अगदी हीच फेरी लिहिता येते, इन्सर्टबिफोर आणि ॲपेंडचाइल्ड तिथंही आहेत. फक्त एक खड्डा आहे ज्यात मराठी माणूस हमखास पडतो. लोडएचटीएमएलला मजकुराचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर तो यूटीएफ-८ धरत नाही, जुनं युरोपी एन्कोडिंग धरतो आणि सगळं देवनागरी कचरा होऊन बाहेर येतं. इंग्रजीवाल्यांच्या उदाहरणांत हे कधीच दिसत नाही कारण त्यांचं चालून जातं. मजकुराच्या आधी कॅरसेटचा मेटा टॅग जोडून द्या, किंवा पीएचपी ८.४ असेल तर त्यातला नवीन एचटीएमएलडॉक्युमेंट वापरा.

गच्चीवरची

सर्व्हरला मला हात लावता येत नाही, तयार सेवा आहे, फक्त स्क्रिप्ट आणि सीएसएस टाकायची सोय आहे. पण सरकतं ते खरंय, मावशीच्या फोनवर दिसतं.

मध्यरात्रपाळी

मग निदान स्क्रिप्ट डिफर लावून टाका, म्हणजे पान वाचून झाल्याबरोबर चालेल, फोटो उतरायची वाट बघणार नाही. विंडोच्या लोड इव्हेंटवर टाकलंय का? त्यावर टाकलं असेल तर सगळे फोटो येईपर्यंत थांबतंय ते, म्हणूनच एवढं उशिरा हलत असणार.

गच्चीवरची

हो, लोडवरच होतं! बदललं. आता जवळजवळ कळतच नाही.

आता उघडझाप. सेक्शनऐवजी डिटेल्स (उघडझाप होणारी चौकट) तयार केला आणि एच३ ला समरीत (तिची कायम दिसणारी ओळ) टाकलं. चाललं. पण कुरडयांच्या कृतीत सोऱ्या फिरवतानाचा व्हिडिओ आहे आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणारी खिडकी), तो दोनदा लोड होतोय असं नेटवर्कमध्ये दिसतं. आणि माझं एक बटण आहे 'वाटी / ग्रॅम' बदलायचं, ते मात्र चौकटीत गेल्यावरही चालतंय, हे कसं काय, मला वाटलं होतं तेच मोडेल.

रिकामाकंस

बटण चालतं कारण नोड तोच आहे, फक्त हलवलाय, त्याच्यावर लावलेले लिसनर (दाबलं की काय करायचं ते सांगणारा कोड) त्याच्यासोबत जातात. तुम्ही इनरएचटीएमएल (आतलं सगळं टॅगसकट मजकूर म्हणून) वाचून, त्याच्या मागेपुढे टॅग जोडून परत लिहिलं असतं तर जुनं बटण मेलं असतं आणि त्याच्यासारखं दिसणारं नवीन बटण आलं असतं, ज्याच्यावर काहीच लावलेलं नाही. म्हणून मी इनरएचटीएमएलने रॅप करायला कायम विरोध करतो.

आयफ्रेमचं उलट आहे. ती पानावरून उचलली की आतलं पान संपतं आणि परत ठेवली की पहिल्यापासून लोड होतं. क्रोममध्ये १३३ पासून मूव्हबिफोर नावाची सोय आलीये जी अशा वेळी आतली स्थिती टिकवते, पण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये असेल असं धरून चालू नका. तुम्हाला सोपा मार्ग, आयफ्रेमला लोडिंग लेझी द्या, किंवा एसआरसी (तिचा पत्ता) आधी डेटा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि डिटेल्स उघडल्यावरच लावा. त्याचा टॉगल इव्हेंट असतो. नेटही वाचेल.

नदीकाठ

डिटेल्स वापरलंत हे फार चांगलं केलंत. स्वतःचं ॲकॉर्डियन लिहिणारे लोक कीबोर्डचा विचार करत नाहीत, यात तो फुकट मिळतो. फक्त दोन गोष्टी. छापताना बंद असलेल्या डिटेल्समधलं छापलं जात नाही, त्यामुळे बिफोरप्रिंट इव्हेंटवर सगळे उघडा. आणि स्क्रिप्ट दोनदा चालली तर काय होतं ते बघा.

गच्चीवरची

छपाईचं बरं सांगितलंत, मावशी कुरडयांचा कागद दरवर्षी फडताळाच्या दाराला आतून चिकटवते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढून रात्रभर निवळायला ठेवायचा आणि सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं, हे तिला पाठ आहे, पण चीक किती आणि पाणी किती हे ती कागदावरच बघते.

दोनदा चालवून बघितली, काही झालं नाही. मोठ्या डब्याचे थेट एच३ आता उरलेच नाहीत ना, ते डिटेल्सच्या आत गेले.

रिकामाकंस

बरोबर, थेट मुलंच बघतोय म्हणून वाचलात. पण नदीकाठ म्हणतात ते खरं, जेक्वेरीवाली पद्धत सगळ्या पानावरचे एच३ शोधते, ती दोनदा चालली तर चौकटीत चौकट होईल. आणि कुणी म्यूटेशनऑब्झर्व्हरवर (पानातल्या बदलांवर नजर ठेवणारी सोय) हे टांगलं, तर आपण केलेला बदल बघून तोच परत चालतो आणि न संपणारी फेरी सुरू होते. डब्यावर एक डेटासेटची खूण ठेवा, असेल तर परत फिरा. तसंच पान रिॲक्टने (पान स्वतः रचणारी लायब्ररी) काढलेलं असेल तर यातलं काहीही करू नका, त्याच्या हिशेबात नोड जिथं आहे तिथं तो सापडला नाही की रिमूव्हचाइल्डची एरर येऊन पान पांढरं होतं. तिथं डेटाचेच गट पाडा आणि मग काढा.

शिकाऊ२१

दादा टेबलच्या ओळींना पण असंच डिव्हमध्ये घालता येईल का, वेळापत्रकात सोमवारच्या ओळी एकत्र, मंगळवारच्या एकत्र?

नदीकाठ

डिव्ह नको. टेबलात डिव्ह चालत नाही, एचटीएमएलमध्ये लिहिलास तर ब्राउझर तो उचलून टेबलच्या बाहेर वर ठेवतो, आणि जावास्क्रिप्टने घातलास तर राहतो पण रकाने विस्कटतात. टीबॉडी (टेबलातला ओळींचा गट) वापर, एका टेबलात कितीही टीबॉडी चालतात, ती त्यासाठीच आहेत. यूएल (यादी) मध्येही एलआय (यादीतली एक नोंद) सोडून थेट दुसरं काही घालू नये. डीएल (शब्द आणि अर्थाची यादी) मध्ये मात्र डीटी-डीडीची, म्हणजे शब्द-अर्थाची, जोडी डिव्हमध्ये गुंडाळायला परवानगी आहे.

गच्चीवरची

शेवटचं एक अडलंय आणि यात मी कालची पूर्ण संध्याकाळ घालवली. एक एच३ आहे 'सोऱ्याची निगा', ती कृती नाही, म्हणून तिला चौकट नकोय. मी लिहिलं की टेक्स्टकंटेंट ट्रिम करून 'सोऱ्याची निगा' बरोबर असेल तर सोडून दे. सोडतच नाही! कन्सोलवर दोन्ही छापून बघितले, डोळ्यांना अगदी सारखे. लांबी काढली तर एक १३ आणि एक १४.

मध्यरात्रपाळी

ही आपली खास मराठी अडचण आहे. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर, हलंत, य. दुसरं म्हणजे साधा 'र', हलंत, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग य. दिसायला दोन्ही तेच, पण दुसऱ्यात एक कॅरॅक्टर जास्त. तुमच्या फोनच्या कीबोर्डने एक दिला आणि कॉम्प्युटरच्या कीबोर्डने दुसरा. ट्रिमने हा जात नाही, तो फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढतो, आणि झेडडब्ल्यूजे त्याच्या लेखी मोकळी जागा नाही, शिवाय तो मध्ये आहे. नॉर्मलाइझनेही (अक्षरं एकसारखी करायची सोय) हे दोन एक होत नाहीत.

एकतर तुलना करायच्या आधी दोन्हीकडे 'र-हलंत-झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ-हलंत' करून घ्या. पण मी म्हणेन की मजकुरावर अवलंबूनच राहू नका. मावशींनी उद्या 'सोऱ्या कसा ठेवावा' केलं की परत मोडलं. त्या हेडिंगला एडिटरमध्ये क्लास देता येतो का?

गच्चीवरची

क्लास नाही देता येत, पण एच३ चा एच२ करता येतो! मग ती आपोआप बाहेर राहील, आणि तशीही ती कुठल्याच वाळवणाच्या पोटातली नाहीये, सगळ्यांनाच लागते. हे आधीच सुचायला हवं होतं. तुलनेची ओळ काढून टाकली.

पण ते १३ आणि १४ वाचून जीव भांड्यात पडला, मला वाटत होतं माझं काहीतरी मूलभूतच चुकतंय.

रिकामाकंस

पान पूर्ण झालं की दुवा टाका इथं.

गच्चीवरची

आज सकाळी मावशीला फोनवर दाखवलं. तिने पहिल्यांदा 'कुरडया' वर बोट ठेवलं, उघडली, परत ठेवलं, बंद झाली, मग खाली जाऊन 'सांडगे' उघडले. मग म्हणाली की साहित्य आधी आणि कृती नंतर असं सगळीकडे नाहीये, काहींत उलट झालंय, ते नीट कर. बघितलं तर सहा कृतींत यादी खाली आहे. आता चौकटीच्या आत यादी शोधून ती समरीच्या लगेच नंतर आणायची. समरी.आफ्टर मध्ये यादी दिली की ती हलेल ना, नक्कल नाही होणार?

शिकाऊ२१

हलेल ताई. तोच नोड आहे.

गच्चीवरची

हलली. सहाही झाल्या. दुवा प्रोफाइलमध्ये टाकलाय. बिबड्यांचा फोटो अजून नाही, या उन्हाळ्यात घातले की काढते.